तीस गोळ्या, पन्नास दिवस

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात लेकी माहेरी येतात. आमच्या आईचं सासर आणि माहेर दोन्ही पारोळ्यात, मध्ये जेमतेम दोन गल्ल्या. तरी या दिवशी ती नवं पातळ नेसून, पिशवी भरून 'माहेरी' जाते. यंदाही गेली. पाठोपाठ मी गेलो, धुळ्याहून ताई आली. पंगत बसली तेव्हा ताईने आईच्या पुढ्यातला आमरस निम्मा काढून घेतला आणि सांजोऱ्यांचं ताट पलीकडे सरकवलं. आई म्हणाली, "गोड नई खावानं, ते मंग आखाजी कसानी?"

ताई मेडिसिनची एमडी आहे, धुळ्यात प्रॅक्टिस करते. मामांचं पारोळ्यात तीस वर्षांपासून मेडिकल आहे. डी.फार्म. झालेले, आणि दुकानात स्वतः उभे राहणारे. आईला बारा वर्षांपासून शुगर आहे, सहा वर्षांपासून बीपी. चिठ्ठी लेकीची, गोळ्या भावाच्या. यापेक्षा चांगली सोय कुठल्या पेशंटची असेल, असं मला त्या दुपारपर्यंत वाटत होतं.

जेवणानंतर ओसरीत कूलरसमोर या दोघांचं बोलणं सुरू झालं. ते इथे मांडतो आहे, कारण प्रश्न आमच्या घरापुरता नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. एवढ्या माणसांना आयुष्यभर रोज गोळी घ्यायची आहे, आणि ती गोळी त्यांच्या हातात देणारा शेवटचा माणूस मेडिकलवाला आहे.

मामा : बेटा, एक सांग. तुझ्याकडे शुगरचा पेशंट वर्षातून किती वेळा येतो?

ताई : मी दर तीन महिन्यांनी बोलावते. येतात दोनदा. शेतीची कामं निघाली की एकदाच.

मामा : माझ्याकडे बारा वेळा येतो. बी घ्यायला बाजारात आला तरी येतो, कापूस विकून जाताना येतो. म्हातारी माणसं तर नुसती बसायला येतात. "भाऊ, साखरनी गोयी दे," म्हणतात आणि घरचं सगळं सांगून जातात. मग या आजारात मेडिकलवाल्याला काही काम आहे की नाही?

ताई : येतात खरे, पण कशासाठी? मला टाळण्यासाठी. चार वर्षांपूर्वीची चिठ्ठी, नाहीतर नुसती रिकामी स्ट्रिप घेऊन येतात आणि काउंटरवरून "हीच द्या" म्हणून औषध नेतात. चार वर्षांत किडनी बदलते, वजन बदलतं, डोळ्यांचा पडदा खराब होतो. गोळी मात्र तीच. पाय काळा पडला की मग धुळ्याला आणतात. मामा, तुमच्या काउंटरची सोय हीच पेशंटची गैरसोय होते.

मामा : चिठ्ठी जुनी आहे म्हणून मी गोळी नाही दिली, तर तो तुझ्याकडे येईल असं वाटतं? तो गोळीच सोडतो. बीपी दुखत नाही, शुगर दुखत नाही. दुखत नाही त्या आजारासाठी दिवसाची मजुरी बुडवून धुळ्याला कोण जातं?

ताई : हे मान्य. पण तुमच्या धंद्यातलं सगळंच सांगा ना. कितीतरी दुकानांत फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर असतं आणि माणूस दुसऱ्या गावात. काउंटरवर दहावी झालेला पोरगा. गुडघे दुखतात म्हटलं की तो दुखण्याची गोळी देतो, सोबत स्टेरॉइडची बारीक गोळी. बाईला बरं वाटतं. पण दुखण्याच्या गोळीने बीपी चढतं, किडनीवर ताण येतो, स्टेरॉइडने शुगर तीनशेवर जाते. मग मी डोकं खाजवत बसते, शुगर वाढली कशाने? चिठ्ठीत तर काही बदललं नाही!

मामा : यावर मी तुझ्याशी भांडणार नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ सरळ सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. २०१२-१३ च्या सुमाराला महेश झगडे राज्याच्या एफडीएचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे, आयुक्त होते. फार्मासिस्ट हजर पाहिजे, चिठ्ठी पाहिजे, बिल पाहिजे, म्हणून त्यांनी राज्यभर दुकानं तपासली. आम्ही संघटनेच्या हाकेवर बंद पाळले. मीही शटर ओढलं होतं. तेव्हा वाटलं, हा आमच्यावर अन्याय आहे. आज वाटतं, तो माणूस आम्हाला आमचंच काम करा म्हणत होता. फार्मासिस्ट नसलेलं मेडिकल म्हणजे किराणा दुकानच.

ताई : मग तुम्हीच सांगा, अशा व्यवस्थेच्या हाती मी मधुमेहाचे पेशंट कसे सोपवू?

मामा : सोपवू नको. वाटणी कर. तू तुझं कर, मला माझं करू दे. फार्मसी कौन्सिलची २०१५ ची नियमावली आहे. चिठ्ठी हातात आली की फार्मासिस्टने स्वतः पेशंटशी बोलायचं, असं तिच्यात लिहिलंय. औषध कशाचं, किती, कसं घ्यायचं, त्रास काय होऊ शकतो, घरी लक्ष कसं ठेवायचं, औषध ठेवायचं कुठे, एखादी गोळी चुकली तर काय करायचं. म्हणजे हा मोठेपणा मी मागून घेत नाहीये. नियमाने ते माझं कामच आहे.

ताई : कागदावर आहे. प्रत्यक्षात?

मामा : प्रत्यक्षातलं सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आला. "लाल टोपणाच्या सिरिंज द्या." त्याच्या वडिलांना महिन्यापूर्वी इन्सुलिनचं पेन सुरू झाल्याचं मला ठाऊक होतं. विचारलं, "पेन असताना सिरिंज कशाला?" म्हणे, पेन पडून फुटलं, आता त्यातल्या काचेच्या नळीतून सिरिंजने ओढून देऊ. आता तू हिशेब कर.

ताई : बाप रे. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीसाठी असते. पेनच्या नळीत एका मिलीलिटरला १०० युनिट. वीसच्या खुणेपर्यंत ओढलं तर अर्धा मिलीलिटर, म्हणजे वीसऐवजी पन्नास युनिट गेले असते. अडीच पट! रात्रीतून साखर उतरून माणूस बेशुद्ध पडला असता.

मामा : मी सिरिंज दिली नाही. त्याच्या डॉक्टरांना फोन लावला, नवं पेन दिलं. एक प्रश्न विचारला, बाकी काही केलं नाही. तो प्रश्न काउंटरवरच विचारता येत होता. तुझ्यापर्यंत तो पेशंट कसा आला असता? रुग्णवाहिकेतून.

(इथे ताई थोडा वेळ गप्प होती. कोपऱ्यात जुना माठ पालथा ठेवलेला होता. मामांनी तो उचलून आणला.)

मामा : आता हे बघ. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. निम्म्या वस्तीत फ्रिज आहे, पण शेतातल्या खळ्यावर राहणाऱ्याकडे नाही, आणि दुपारी लाइट जाते ती वेगळीच. इन्सुलिन पत्र्याच्या घरात फळीवर ठेवलेलं असतं, नाहीतर लवकर गार व्हावं म्हणून बर्फाच्या कप्प्यात. दोन्हीकडे ते मरतं. मग शुगर उतरत नाही आणि तुम्ही युनिट वाढवता. मी प्रत्येक इन्सुलिनवाल्याला सांगतो, दोन माठ घ्या. मोठ्यात ओली वाळू, त्यात लहान माठ, लहान माठात कोरड्या डब्यात बाटली, वरून ओलं फडकं. वापरात नसलेल्या बाटल्या माझ्या फ्रिजमध्ये ठेवा, चिठ्ठी चिकटवून. महिन्याला एक न्या.

ताई : हे बरोबर आहे. आपली हवा कोरडी, म्हणून माठ चांगला गार राहतो. केनियातल्या दादाबच्या निर्वासित छावणीत तापमान दिवसभरात २५ ते ३७ अंशांमध्ये खालीवर होतं. तेवढ्या तापमानात चार आठवडे ठेवलेलं इन्सुलिन जिनिव्हा विद्यापीठाने तपासलं, त्याची ताकद टिकून होती. २०२१ ला ते प्रसिद्ध झालं. पण ३७ वेगळं आणि आपले ४५ वेगळे. माठ नसेल तर आपल्याकडे भरवसा नाही. मामा, खरं सांगायचं तर इन्सुलिन लिहिताना "घरी कुठे ठेवाल?" हे मी दर वेळी विचारत नाही.

मामा : आणि चैत्रात? पुनवेच्या आधी खान्देशातून माणसं वणीच्या गडाला पायी निघतात. सप्तशृंगीचं नाव घेत, उन्हातून, दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर. काहींचा उपासही असतो. शुगरसाठी ग्लिमेपिराइड खाणारा माणूस उपाशीपोटी चालला तर?

ताई : रस्त्यातच साखर उतरेल. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. लोक म्हणतील ऊन लागलं. पण तुम्ही काय सांगता त्यांना? गोळी बंद करा म्हणता का?

मामा : नाही. तिथेच माझी हद्द. "गडावर जाताय का?" एवढं विचारतो. हो म्हटलं की सांगतो, निघण्याआधी डॉक्टरांना भेटून गोळीचं ठरवून घ्या, खिशात साखरेची पुडी ठेवा, घाम फुटला तर तीन चमचे साखर खा आणि बसून राहा, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा खा, आणि सोबत्याला हे आधीच सांगून ठेवा. गोळी कमी करायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

ताई : सगळे मेडिकलवाले ही हद्द पाळत नाहीत, हेच तर माझं म्हणणं आहे. बाहेर फार्मासिस्टने मोठी कामं केली आहेत, मी वाचलंय. लॉस एंजेलिसमध्ये ५२ केशकर्तनालयांत ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांवर प्रयोग झाला, २०१८ ला प्रसिद्ध झाला. काहींना त्यांच्या न्हाव्याने डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं. बाकीच्यांना त्याच खुर्चीवर फार्मासिस्ट भेटत राहिला. सहा महिन्यांत पहिल्यांचा वरचा रक्तदाब ९ अंकांनी उतरला, दुसऱ्यांचा २७ ने. कॅनडात अल्बर्टा प्रांतात ५६ औषध दुकानांत ७२३ पेशंट घेतले. तीन महिन्यांत फार्मासिस्टकडच्या पेशंटचा हृदयविकाराचा धोका बाकीच्यांपेक्षा २१ टक्क्यांनी कमी भरला. पण तिथे फार्मासिस्टला औषध लिहिण्याचा अधिकार होता, रक्त तपासायला पाठवण्याचा अधिकार होता, लॉस एंजेलिसमध्ये डॉक्टरशी लेखी करार होता, तसं शिक्षण होतं. त्याच्या हातात काय होतं आणि तुमच्या हातात काय आहे?

मामा : अधिकार नको मला. पण एक गोष्ट तू बोललीस त्यात आहे. न्हाव्याने "जा" म्हटलं तर नऊ. माणूस महिन्यामागून महिना भेटत राहिला तर सत्तावीस. त्या फरकात भेटत राहण्याचाही वाटा आहे. आणि ते भेटत राहणं माझ्याकडे आयतं आहे.

ताई : मग पैशाचं बोला. तुमचं पोट विकण्यावर आहे. गोळी कमी करा, स्वस्त घ्या, असं तुम्ही कसं सांगणार?

मामा : दुखतं ते तू बोललीस. किंमत बांधलेल्या औषधावर आमचा नफा १६ टक्के. वीस रुपयांच्या स्ट्रिपमागे पावणेतीन रुपये. माठ समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात, त्याचे शून्य. महागडी पावडर, टॉनिक खपवलं तर तेवढ्या वेळात शंभर सुटतात. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून चाळिशीपुढच्या माणसाचं बीपी मेडिकलमध्ये मोजलं की सरकार दुकानाला पैसे देतं. आपल्याकडे कोणी देत नाही. म्हणून शिरपूरपासून जळगावपर्यंतच्या कॉलेजांतून शिकून निघालेली हुशार पोरं काउंटरवर उभी राहत नाहीत, कंपनीत जातात. सल्ल्याला मोल मिळालं नाही तर चांगला माणूस काउंटरवर टिकणार नाही, हे लिहून ठेव.

ताई : हे सरकारने ऐकलं पाहिजे. आणि त्यांना ठाऊक नाही असंही नाही. २०१७ ला पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, आपल्याकडे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा. काय केलं त्यांनी? ठरलेली मोजकी औषधं, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, आणि जो ठरल्या तारखेला आला नाही त्याचा शोध. २०२२ ला संयुक्त राष्ट्रांनी त्याचा गौरव केला. पण ते सगळं सरकारी दवाखान्यात. खासगी डॉक्टरचा, खासगी मेडिकलचा पेशंट आला नाही तर त्याचा शोध घेणारं कोणी नाही.

मामा : "आला नाही त्याचा शोध." बेटा, कोण आलं नाही ते मला दिसतं. तुला दिसत नाही.

मामा उठले, मोबाइलवर दुकानाचं बिलिंग उघडलं आणि ताईच्या हातात दिलं. स्क्रीनवर आईचं नाव होतं. शुगरच्या गोळ्या दर तीस-एकतीस दिवसांनी, न चुकता. बीपीची गोळी, दर वेळी तीसच : १० नोव्हेंबर, २८ डिसेंबर, १८ फेब्रुवारी, ९ एप्रिल. ताईने बोटावर मोजलं. अठ्ठेचाळीस दिवस, बावन्न दिवस, पन्नास दिवस. दीडशे दिवसांत नव्वद गोळ्या.

फेब्रुवारीत आईचं बीपी १६० भरलं होतं. ताईने पाचाची अ‍ॅम्लोडिपिन दहाची केली होती. न घेतलेल्या गोळीची ताकद वाढवली होती.

आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "पाय सुजतात त्या गोळीने. किडनी खराब होते म्हणतात, म्हणून मधला एखादा दिवस सोडायची. दहाची आणली तेव्हापासून जास्तच सुजतात. तुला काय सांगायचं, तू लगेच रागावते."

ताईने खाली बसून आईच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला. "आई, ही सूज गोळीची आहे, किडनीची नाही. किडनी आपण तपासली आहे, चांगली आहे. ही गोळी बदलता येते." मग मामांकडे वळली.

ताई : मामा, तुम्हाला तारखा दिसत होत्या. मला का नाही सांगितलं?

मामा : दिसत होत्या. संध्याकाळी काउंटरला वीस माणसं उभी असतात. आणि अक्का माझी बहीण, तिला काय विचारायचं, असं वाटलं. चुकलो. पाय सुजू शकतात, एवढं पहिल्या दिवशी सांगितलं असतं तरी ती मला येऊन बोलली असती.

ताई : आणि मी बीपी मोजलं, आकडा पाहिला, गोळी वाढवली. "रोज घेतेस का?" विचारलं, ती हो म्हणाली. लेकीला कोण नाही म्हणणार? मामा, सर्टिफिकेट भाड्याने देणाऱ्यांबद्दल मी बोलले त्यातला एक शब्द मागे घेत नाही. पण ही तारीख मला हवी आहे. माझ्या प्रत्येक पेशंटची.

मामा : लोकांच्या आजाराची माहिती मी तुला फोनवर कळवत बसणार नाही. ती त्यांची आहे. चिठ्ठीच्या मागे लिहून देतो. तारीख आणि किती गोळ्या नेल्या. चिठ्ठी पेशंटच्या खिशात राहील, दाखवायची की नाही ते तो ठरवेल.

ताई : आणि बीपी मोजलंत तर तेही लिहा. पाच मिनिटं बसवून, दंडाला पट्टा लावून. पण निदान करायचं नाही, गोळी बदलायची नाही. छातीत दुखतंय, घाम येतोय असं कोणी म्हणालं तर गॅसची गोळी द्यायची नाही, १०८ ला फोन.

मामा : कबूल. आता तुझं. २०१६ ला तुमच्या मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना सांगितलं, औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा. माझ्याकडे एकाच माणसाच्या दोन चिठ्ठ्या येतात, दोन डॉक्टरांच्या, दोन कंपन्यांची नावं, आत औषध एकच. बिचारा दोन्ही खातो. मूळ नाव लिहा. आणि दुपारी अर्धा तास आमचा फोन उचला.

ताई : एक ते दीड. लिहून घ्या.

वाद मिटला असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी निघताना ताईचं म्हणणं कायम होतं की फार्मासिस्ट नसलेली दुकानं बंद झाली पाहिजेत, आणि मामांचं म्हणणं कायम होतं की सल्ल्याला मोबदला नसेल तर ती बंद होणार नाहीत. मला दोघांचंही खरं वाटतं. पण त्यासाठी सरकारचा निर्णय लागेल. चिठ्ठीच्या मागे तारीख लिहायला पेन पुरतं.

वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात शुगरची किंवा बीपीची गोळी चालू असेल. त्यांना विनंती आहे. मेडिकलवर फार्मासिस्ट कोण, ते विचारा. त्याच्या अंगावर पांढरा कोट आणि नावाचा बिल्ला असावा असा नियमच आहे. चिठ्ठी घेऊन जा, रिकामी स्ट्रिप नव्हे. या गोळीने काय त्रास होऊ शकतो, ते पहिल्याच दिवशी विचारा. गोळी चुकली असेल तर लपवू नका. आणि औषध घेतल्याची तारीख चिठ्ठीच्या मागे लिहून मागा. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ती मागची बाजू आधी ठेवा.

आईची गोळी ताईने बदलली. नव्या चिठ्ठीच्या मागे मामांच्या अक्षरात दोन तारखा पडल्या आहेत. दोन्हींत एकोणतीस दिवसांचं अंतर आहे.